ट्रिम लगेच, आठवड्याने की नाहीच? एसएसडीवर किती विसंबायचं

एसएसडी बसवली की एक निर्णय बहुतेकांच्या नकळत घेतला जातो: डिलीट केलेल्या फाइलींची जागा आता रिकामी आहे, हे ड्राइव्हला कधी कळवायचं? या कळवण्यालाच ट्रिम म्हणतात. फाइल उडवली की लगेच कळवता येतं, आठवड्यातून एकदा सगळं मिळून कळवता येतं, किंवा कधीच न कळवता ड्राइव्हवर थोडी जागा कायमची मोकळी ठेवता येते. घरच्या लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिमने हे परस्पर ठरवलेलं असतं. ऑफिसातला लिनक्स सर्व्हर, रेड (अनेक डिस्क जोडून केलेली एक), यूएसबी पेटीतली ड्राइव्ह किंवा एन्क्रिप्ट केलेली डिस्क असेल, तर मात्र ते तुमच्या गळ्यात पडतं. जुनं मशीन विकायला काढलं की हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो, कारण पुसलं म्हणजे नक्की काय झालं हे तेव्हा माहीत असावं लागतं.

माझं मत आधीच सांगतो. आठवड्याचा ट्रिम बहुतेकांना पुरतो, लगेचचा ट्रिम मोजक्या ठिकाणीच घ्यावा, आणि डेटा नष्ट करण्यासाठी ट्रिमवर अजिबात विसंबू नये.

ट्रिम ही विनंती आहे

एसएसडीतल्या नँड चिपवर, म्हणजे डेटा साठवणाऱ्या चिपवर, लिहिता येतं ते पेजच्या हिशोबाने, साधारण ४ ते १६ केबी. पुसायचं असेल तर मात्र अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो, आणि तो काही एमबीचा असतो. फाइल डिलीट केली की फाइल सिस्टिम फक्त आपल्याकडची नोंद खोडते. ड्राइव्हच्या लेखी तो डेटा अजून कामाचाच असतो. मग ब्लॉक मोकळा करताना कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हमधली नियंत्रक चिप, हा मेलेला डेटाही इमानेइतबारे दुसरीकडे उचलून ठेवतो. तुम्ही १ जीबी लिहिता, ड्राइव्ह आतल्या आत त्याहून बरंच जास्त लिहिते. लिहिण्याचा वेग पडतो आणि झीज वाढते. ट्रिम एवढंच सांगतो की या या सेक्टरांतला मजकूर मला आता नको. ड्राइव्ह जोडण्याच्या पद्धतीनुसार नाव बदलतं: साटावर त्याला ट्रिम म्हणतात, एससीएसआयवर अनमॅप, एनव्हीएमईवर डीॲलोकेट.

ड्राइव्हने हे ऐकलंच पाहिजे असं बंधन नाही. साटा ज्या एटीए मानकावर चालतं त्यानुसार ट्रिम सल्ल्यापुरता आहे. ड्राइव्ह तो पूर्ण किंवा अर्धवट, काही न बोलता सोडून देऊ शकते. ट्रिम केलेला सेक्टर पुन्हा वाचला तर काय मिळावं, याचेही तीन प्रकार आहेत. काही ड्राइव्ह दर वाचनाला वेगळं उत्तर देऊ शकतात, काही दर वेळी एकच ठरलेलं उत्तर देतात, आणि काही शून्यच परत करतात. लिनक्सवर एचडीपार्म या आज्ञेने ड्राइव्हची माहिती काढली की ‘डेटा सेट मॅनेजमेंट ट्रिम सपोर्टेड’ अशी ओळ दिसते आणि तिच्याखाली, नशीब असेल तर, ‘डिटर्मिनिस्टिक रीड झीरोज आफ्टर ट्रिम’ (ट्रिमनंतर वाचलं तर ठरलेली शून्यं). ही दुसरी ओळ पाहून निश्चिंत होणारे पुष्कळ आहेत. लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) लिहिणारे त्यांत नाहीत. ट्रिम यशस्वी झाला तर पुढे काय होईल, एवढंच ती ओळ सांगते. ट्रिम होईलच असं ती सांगत नाही. म्हणून साटा ड्राइव्ह सांभाळणाऱ्या कोडमध्ये शून्याची खात्री धरण्याजोग्या मॉडेलांची वेगळी यादी हाताने ठेवलेली आहे. इंटेलच्या बहुतेक एसएसडी त्या यादीत आहेत, पण ५१० मालिका नाव घेऊन बाहेर काढलेली आहे, कारण तिच्या या दाव्यातच खोट सापडली होती.

लगेच की आठवड्याने

लगेचच्या ट्रिमसाठी लिनक्समध्ये माउंट करताना (डिस्क सिस्टिमला जोडताना) डिस्कार्ड हा पर्याय देतात. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर मग प्रत्येक जर्नल कमिटनंतर (बदलांची नोंद पक्की झाल्यावर) मोकळ्या झालेल्या जागांची यादी ड्राइव्हकडे जाते. कागदावर हे उत्तम दिसतं. ड्राइव्हला कायम ताजी माहिती असते आणि वेगळं टायमर वगैरे काही लागत नाही.

अडचण साटाच्या मुळातच आहे. साटावर वाचण्या-लिहिण्याच्या ३२ पर्यंत आज्ञा एकाच वेळी रांगेत असू शकतात, पण मूळचा ट्रिम त्या रांगेत बसत नाही. तो पाठवायचा तर आधीची रांग पूर्ण रिकामी होऊ द्यायची, एकट्या ट्रिमला आत सोडायचं, आणि मग पुन्हा रांग भरायची. मेल सर्व्हरवर कुणी लाखभर जुन्या मेल एकदम उडवल्या की डेटाबेसच्या क्वेरी का अडकून बसतात, हे कोडं अनेकदा इथे सुटतं.

यावर उपाय म्हणून २०११ मध्ये साटा ३.१ मध्ये रांगेत बसणारा ट्रिम आला, आणि खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. अनेक ड्राइव्ह तो येतो असं सांगू लागल्या, पण प्रत्यक्षात फर्मवेअर (ड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर) अडखळायचं, आज्ञा लटकायच्या, काही ठिकाणी डेटाही बिघडायचा. लिनक्सची काळी यादी वाढत गेली. क्रुशल आणि मायक्रॉनची एम५०० तीत आहे, एम५५० आणि एमएक्स१०० त्यांच्या पहिल्या फर्मवेअरसकट आहेत, सॅमसंगची ८४० आणि ८५० मालिकाही आहे. २०२१ मध्ये ८६० आणि ८७० ची भर पडली. म्हणजे दुकानात सर्रास मिळणाऱ्या, नावाजलेल्या ड्राइव्ह. या मॉडेलांवर कर्नल रांगेतला ट्रिम वापरतच नाही, जुना एकट्याने जाणारा वापरतो. तेव्हा यांपैकी ड्राइव्हवर डिस्कार्ड लावलात तर वर सांगितलेलं अडकणं ओघानेच आलं.

आठवड्याच्या ट्रिमचा हिशोबच वेगळा आहे. साटाच्या ट्रिममध्ये एका नोंदीत जास्तीत जास्त ६५,५३५ सेक्टर, म्हणजे साधारण ३२ एमबी मावतात, आणि ५१२ बाइटच्या एका ब्लॉकमध्ये अशा ६४ नोंदी. एका दमात जवळपास २ जीबी मोकळी जागा सांगून होते. लगेचच्या ट्रिममध्ये ४ केबीची एक फाइल उडवली तर तेवढ्याच मोठ्या नोंदीत जेमतेम ८ सेक्टर जातात. शेजारच्या जागा जमतील तिथे एकत्र करून पाठवल्या जातात हे खरं, पण विखुरलेल्या छोट्या फाइलींत एकत्र करण्यासारखं फारसं काही नसतं. आठवडाभराने पाहिलं तर हेच तुकडे जोडून लांबलचक पट्टे झालेले असतात.

लिनक्सवर हे काम एफएसट्रिमचं टायमर करतं. ते सोमवारी मध्यरात्रीचं असतं, वर १०० मिनिटांपर्यंतचा कसाही उशीर मुद्दाम मिसळलेला, म्हणजे एकाच स्टोरेजवरची सगळी मशीनं एकदम तुटून पडत नाहीत. त्या वेळी मशीन बंद असेल तर पुढच्या वेळी सुरू झाल्यावर ते चालतं. फेडोराने हे टायमर ३२ व्या आवृत्तीत, २०२० मध्ये, आपसूक सुरू केलं. उबुंटूने त्याच्या बऱ्याच आधी, १४.०४ मध्ये, आठवड्याचा ट्रिम आणला होता, पण सुरुवातीला ठरावीक कंपन्यांच्याच ड्राइव्हसाठी. सावधगिरी तेव्हाही होतीच. रेड हॅटच्या दस्तऐवजातही सल्ला हाच आहे: एरवी गठ्ठ्याने ट्रिम करा, तो जमतच नसेल किंवा वेग टिकवायला गरजच असेल तर लगेचचा.

टायमर सुरू आहे म्हणून सगळ्या डिस्क ट्रिम होतात असं समजू नका. ते एफएसटॅबमधल्या, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीतल्या, नोंदी पाहून चालतं. हाताने माउंट केलेली दुसरी डिस्क वर्षानुवर्षं सुटलेली असू शकते. ऑफिसच्या बॅकअप डिस्कच्या बाबतीत हे हटकून होतं, कारण ती कुणीतरी ‘तात्पुरती’ जोडलेली असते.

विंडोज दोन्ही वाटा वापरतं. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, डिलीटबरोबर ट्रिम जातो. विंडोज ८ पासून वेळापत्रकाने पुन्हा एकदा सगळी मोकळी जागा कळवली जाते. दुसरी फेरी हवी कशाला? तर ट्रिमची रांग भरली की काही विनंत्या गाळल्या जातात, त्या नंतर भरून काढायला. त्यामुळे एसएसडी आहे म्हणून ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ बंद करून टाका, हा यूट्यूबवरचा सल्ला मनावर घेऊ नका. मॅकवर ॲपलने बाहेरच्या ड्राइव्हसाठी ट्रिम सुरू करण्याची सोय २०१५ मध्ये दिली, तीही या ड्राइव्ह ट्रिमखाली डेटा नीट राखतात याची तपासणी झालेली नसेल, अशा इशाऱ्यासकट.

आणखी एक फरक आहे, आणि माझ्या मते छोट्या ऑफिससाठी तो वेगाहून महत्त्वाचा आहे. चुकून उडवलेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळण्याची आशा सोमवारपर्यंत असते. लगेचचा ट्रिम असेल तर शून्य परत करणाऱ्या ड्राइव्हवर ती काही सेकंदांत संपते. बॅकअप नीट असेल तर याची फिकीर नको. पण बॅकअप नीट असणारी माणसं सहसा रिकव्हरीवाल्याला फोन करत नाहीत.

लगेचचा ट्रिम कुठे शोभतो? व्हर्च्युअल मशीनना मागणीनुसार जागा देणाऱ्या सामायिक स्टोरेजवर, जिथे पाहुण्या मशीनने फाइल उडवली की यजमानाची जागा खरोखर मोकळी होते. सतत ९० टक्के भरलेल्या आणि दिवसभर उलथापालथ चालणाऱ्या डिस्कवरही आठवडा फार लांब पडतो. एनव्हीएमईवर रांगेचा झगडाच नसल्याने तिथे किंमत बरीच कमी मोजावी लागते. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम वापरत असाल तर त्यात मधला मार्ग आहे: मोकळ्या जागा साठवून सवडीने, पार्श्वभूमीत ट्रिम करायच्या. कर्नल ६.२ पासून, योग्य ड्राइव्हवर, तो आपसूक चालू असतो. त्याला हात लावू नका.

दोष कुणाचा, हे ओळखणं सोपं नाही

२०१५ मधलं अल्गोलिया या सर्च कंपनीचं प्रकरण निर्णय घेण्याआधी प्रत्येकाने वाचावं असं आहे. त्यांच्या सर्व्हरवर फाइली आपोआप बिघडू लागल्या. मधेच ५१२ बाइटचे तुकडे शून्याने भरलेले, बाकी फाइल ठणठणीत. ना वीज गेलेली, ना लॉगमध्ये डिस्कची तक्रार. बरंच खणल्यावर माग ट्रिमपर्यंत पोचला, आणि बिघडणाऱ्या मशीनांमध्ये सॅमसंगच्या ड्राइव्ह दिसल्या. त्यांनी जूनमध्ये हे जाहीर केलं आणि जगभर बोभाटा झाला की सॅमसंगच्या एसएसडी डेटा खातात. आधीची काळी यादी होतीच, त्यामुळे लोकांना लगेच पटलंही.

पुढच्याच महिन्यात सॅमसंगच्या अभियंत्यांनी तोच बिघाड स्वतःकडे घडवून दाखवला आणि दोषी सापडला तो लिनक्स कर्नल. त्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर रेड ० होतं, म्हणजे डेटा डिस्कांवर वाटलेला. एक मोठा डिस्कार्ड दोन डिस्कांमध्ये वाटताना कर्नल त्याचे तुकडे पाडायचा, आणि त्या तुकड्यांमध्ये एकच माहितीरचना सामायिक राहायची. परिणामी कधीकधी ड्राइव्हला चुकीचा पत्ता जायचा. ड्राइव्हने सांगितलेली जागा प्रामाणिकपणे रिकामी केली; ती जागा रिकामी नव्हती, एवढंच. सॅमसंगनेच दुरुस्तीचा पॅच दिला.

इथे ध्यानात घ्यायचं ते हे, की ट्रिम वरून खाली पाच हातांतून जातो: फाइल सिस्टिम, एन्क्रिप्शन, रेड किंवा एलव्हीएम (डिस्कच्या जागेची वाटणी करणारा थर), कर्नलचा ड्रायव्हर आणि शेवटी फर्मवेअर. चुकीच्या लिखाणापेक्षा चुकीचा ट्रिम वाईट, कारण बिघडलेली जागा नंतर वाचली जाते तेव्हा कुणीच एरर देत नाही. मधले थर जितके जास्त, तितका मी आठवड्याच्या बाजूला झुकतो. त्यातला फायदा साधा आहे: काही बिघडलं तर सोमवार सकाळ की गुरुवार दुपार, यावरून ट्रिमवर संशय घ्यायचा की नाही ते कळतं.

ट्रिमच नको, असं कुठे

हार्डवेअर रेड कार्ड बऱ्याचदा ट्रिम खाली जाऊच देत नाही. स्वस्त यूएसबी पेट्यांचंही तसंच. एलएसबीएलके या लिनक्स आज्ञेला डिस्कार्डची माहिती विचारली आणि दोन्ही रकान्यांत शून्य दिसलं, तर विषय संपला. वर कितीही टायमर लावा, खाली काही पोचत नाही.

रेड ५ आणि ६ मध्ये तर लिनक्स स्वतःच मागे सरतं. तिथे पॅरिटी, म्हणजे डिस्क मेली तर तिचा डेटा परत उभा करणारी जादा नोंद, बदलताना जुनी पॅरिटी, जुना डेटा आणि नवा डेटा यांचा एक्सऑर काढतात. आता ट्रिम केलेला सेक्टर पॅरिटी काढताना शून्य म्हणून धरला, आणि ट्रिम ड्राइव्हने मनावर न घेतल्यामुळे पुढच्या वाचनात तिथून जुनाच डेटा आला, तर नवी पॅरिटी चुकते. त्या दिवशी काहीच दिसत नाही. एखादी डिस्क मेली आणि तिच्या जागी नवी बांधायला घेतली की मग चुकीच्या पॅरिटीतून चुकीचा डेटा उभा राहतो. म्हणून २०१४ पासून रेड ४, ५, ६ वर डिस्कार्ड मुळात बंद असतो. माझ्या ड्राइव्ह शून्य परत करतात याची हमी मी घेतो, असं मॉड्यूलला स्पष्ट सांगितलं तरच तो सुरू होतो. ही हमी घेऊ नका.

अशा ठिकाणी जागा सोडणं हा जुना, कंटाळवाणा आणि खात्रीचा उपाय. ५१२ जीआयबी (जीआयबी जीबीहून सुमारे ७ टक्के मोठा) नँड असलेली ड्राइव्ह ५१२ जीबी म्हणून विकली तर आत साधारण ७ टक्के राखीव जागा असते. तीच ४८० म्हणून विकली तर सुमारे १४.५ टक्के, ४०० म्हणून विकली तर ३७. सर्व्हरसाठीच्या ड्राइव्हची मापं अशी विचित्र दिसतात ती यामुळे. तुम्हालाही नव्या ड्राइव्हवर १० ते २० टक्के जागा पार्टिशनशिवाय सोडता येते. नवी असणं महत्त्वाचं आहे. वापरलेली असेल तर आधी पूर्ण इरेज करा, नाहीतर सोडलेली जागा ड्राइव्हच्या लेखी जुन्या डेटाने भरलेलीच राहील आणि तुमची १०० जीबी फुकट जाईल.

लक्स या लिनक्सच्या प्रणालीने एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर ट्रिम आपसूक खाली जात नाही. तो मुद्दाम सोडावा लागतो. सोडला तर ड्राइव्ह हाती लागणाऱ्याला कोणती जागा वापरात आहे आणि कोणती मोकळी, याचा नकाशा मिळतो. मजकूर मिळत नाही. लॅपटॉप चोरीला जाईल एवढीच भीती असणाऱ्याने खुशाल सोडावा. एन्क्रिप्टेड डेटा इथे आहे हेच ज्याला लपवायचंय, त्याने सोडू नये.

विकण्याआधी

आता विश्वासाची बाजू उलटते. इतका वेळ भीती होती ती हवा असलेला डेटा जाण्याची. इथे नको असलेला राहण्याची.

सगळं डिलीट करून ट्रिम मारला आणि वाचून पाहिलं तर शून्यं दिसतील. पण ती शून्यं कंट्रोलर देतोय. त्या पत्त्यामागे आता काही नाही, एवढंच तो सांगतो. चिपवरचा खरा मजकूर तो ब्लॉक पुसला जाईपर्यंत तिथेच असतो, आणि चिप सोडवून थेट वाचणाऱ्याला मिळू शकतो. वरून एकदा शून्यं लिहूनही भागत नाही, कारण राखीव जागेतल्या ब्लॉकपर्यंत तुमचं लिखाण पोचेलच असं नाही.

२०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी १२ एसएसडी उघडून चिप थेट वाचून पाहिल्या. ड्राइव्हची स्वतःची इरेज आज्ञा नीट राबवली असेल तर चोख काम करते, पण ती सगळ्यांनी नीट राबवलेली नव्हती. एका ड्राइव्हने काम फत्ते झाल्याचं कळवलं आणि डेटा जसाच्या तसा होता. फाइल सिस्टिम माउंटसुद्धा होत होती. हार्ड डिस्कच्या काळातली एकेक फाइल खोडण्याची तंत्रं तर कुठलीच उपयोगी पडली नाहीत.

त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे. एनव्हीएमई १.३ मध्ये, २०१७ साली, सॅनिटाइझ ही आज्ञा आली. जुन्या फॉरमॅट आज्ञेपेक्षा मी तीच निवडतो. ती राखीव जागाही धरते, मधेच वीज गेली तरी पुन्हा सुरू होऊन काम पुरं करते, आणि निकाल लॉगमध्ये ठेवते. जुन्या साटा ड्राइव्हवर एटीए सिक्युरिटी इरेज आहे, पण बायोसने ड्राइव्ह ‘फ्रोझन’ (इरेज न स्वीकारणारी) करून ठेवलेली असते; मशीन झोपवून उठवलं की बहुधा सुटते.

दोन्हींत अडचण एकच: काम झालं की नाही हे सांगणारा आणि करणारा एकच. म्हणून पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन, मग ते लक्स असो, विंडोजचं बिटलॉकर असो वा मॅकचं फाइलव्हॉल्ट. ड्राइव्हच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनवर ते सोपवू नका. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी क्रुशल आणि सॅमसंगच्या काही ड्राइव्हवर पासवर्डशिवाय डेटा उघडून दाखवला, आणि बिटलॉकर तोवर अशा ड्राइव्हवर काम ड्राइव्हकडेच सोपवत होता. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ही पद्धत बदलली. त्याआधी एन्क्रिप्ट केलेलं मशीन अजून वापरात असेल तर पद्धत कोणती आहे ते तपासून घ्या.

दवाखाना, सीएचं ऑफिस, शाळा, ज्यांच्याकडे लोकांची माहिती आहे, त्यांच्यासाठी हा हौशी प्रश्न राहिलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात काम संपल्यावर, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितला नसेल तर, डेटा पुसण्याची जबाबदारी टाकली आहे. अशा ठिकाणी एन्क्रिप्शन, वर सॅनिटाइझ, आणि ड्राइव्ह किरकोळ किमतीची असेल तर न विकता चिप फोडून ई-कचऱ्यात.

एका बाबतीत तर बाकीचे पर्याय बादच होतात. वॉरंटीत असलेली एसएसडी एका सकाळी दिसेनाशी होते. बायोसलाही सापडत नाही. बदलून हवी तर जुनी परत पाठवायची असते. तिला ट्रिम देता येत नाही, सॅनिटाइझ देता येत नाही, काही लिहिता येत नाही, पण चिप शाबूत असतात. आधीपासून एन्क्रिप्शन असेल तर पाकीट बंद करून कुरियरला द्या. नसेल तर हातोडा घ्या आणि वॉरंटी सोडा.